सागाइंगच्या गुहेतला सांकवाळकर

मंडालेहून खाली आलं की इरावती नदीच्या पलीकडच्या काठाला सागाइंगच्या टेकड्या लागतात. माथ्यावर पांढरे, सोनेरी पॅगोडे आणि उतारावर ध्यानाला बसणाऱ्या भिक्षूंच्या गुहा. १९०४ च्या सुमारास यातल्या एका गुहेत दोन परके तरुण भिक्षू मुक्कामाला होते. एक जर्मन, वीसबाडेनचा, भिक्षू होण्याआधी व्हायोलिन वाजवणारा. त्याचं भिक्षुनाव ञाणतिलोक. दुसरा गोव्याचा, सांकवाळ गावचा, आधी घरची नारळाची बागायत बघणारा. हा दुसरा म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी. वय २८ च्या आतबाहेर.

त्यांना शिकवणारे ब्रह्मी भिक्षू अर्हत आहेत, असं त्या भागात लोक मानत. शिकायचं ते दोन प्रकारचं होतं. एक, भटकणारं मन एका जागी स्थिर करणं. याला समथ म्हणतात, ओळखीच्या शब्दात समाधी. दुसरं, त्या स्थिर झालेल्या मनाने शरीरात, मनात जे चाललंय ते उपजतं कसं, विरतं कसं हे उघड्या डोळ्यांनी पाहणं. ही विपश्यना. पहिलं जमलं पण दुसरं नाही, तर माणूस शांत होतो, शहाणा होत नाही. दुसऱ्याचीच घाई केली आणि पहिलं कच्चं राहिलं, तर पाहणं म्हणजे नुसता विचारांचा कीस. दोन्ही हवं, आणि दोन्ही योग्य प्रमाणात हवं. सगळी गोम त्या प्रमाणात आहे.

धर्मानंदांचं नाव निघालं की आपल्याकडे पालीचे मोठे पंडित, इतिहासकार डी. डी. कोसंबींचे वडील आणि सेवाग्रामला देह ठेवलेला गोंयकार, एवढं बहुतेकांना आठवतं. या गुहेची आठवण सहसा निघत नाही. पण पुढे आयुष्याचा मोठा भाग त्यांनी ज्या एका ग्रंथाला दिला, तो ग्रंथ याच प्रमाणाबद्दल आहे. आणि त्यांचं स्वतःचं आयुष्य पाहिलं तर तिथेही हाच हिशेब पुन्हा पुन्हा मांडावा लागतो.

जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, सांकवाळच्या गौड सारस्वत ब्राह्मण घरात. तब्येत लहानपणापासून तोळामासा, त्यामुळे शाळा जेमतेम. इंग्रजी नाही, पोर्तुगीज राजवटीत राहूनही पोर्तुगीज शिक्षण नाही. जे काही वाचलं ते मराठी, आणि तेही हाताला लागेल तसं. १८९१ मध्ये लग्न झालं, पत्नी बाळाबाई. घरची बागायत बघायची, कुळांशी, पाडेल्यांशी व्यवहार करायचा, आणि रात्री पुस्तक उघडायचं, असे दिवस चालले होते. मन घरात नव्हतं. एकदोनदा घर सोडून गेलेही, आणि परत आले.

मग हातात एक मासिक पडलं. विनायक कोंडदेव ओक मुलांसाठी ‘बालबोध’ चालवत. त्यात बुद्धाचं छोटंसं चरित्र आलं होतं. मुलांसाठी लिहिलेलं, चार पानांचं काम. पण सांकवाळच्या या तरुणाला त्याने असं धरलं की पुन्हा सोडलं नाही. बुद्धाची शिकवण मुळातून समजून घ्यायची, आणि समजली की ती आपल्या भाषेत लोकांपुढे ठेवायची, एवढंच डोक्यात राहिलं. भारतात तेव्हा हे शिकवणारं जवळजवळ कुणी नव्हतं. वडील वारले. १८९९ मध्ये मुलगी झाली, माणिक. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंदांनी गोवा सोडला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण चरित्रं लिहिणारे हा भाग घाईने ओलांडतात. सिद्धार्थानेही तान्हं मूल आणि बायको सोडून घर सोडलं होतं, तेव्हा हे त्यागाच्या खात्यावर जमा करून मोकळं होणं सोपं. पण बाळाबाईंच्या बाजूने पाहिलं तर घरात कडेवर काही महिन्यांची मुलगी, सासरा गेलेला, नवरा कुठल्याशा धर्माच्या शोधात गेलेला, कधी येणार माहीत नाही. त्या काळच्या गोव्यात अशा बाईने लोकांचं काय काय ऐकलं असेल ते सांगायला नको. एकाच गोष्टीवर चित्त इतकं लागलं की बाकीचं दिसेनासं होतं. समाधीचं बळ ते हेच, आणि तिचा धोकाही हाच.

पुण्यात त्यांनी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची गाठ घेतली. तिथे संस्कृताची सुरुवात झाली. पुढे ग्वाल्हेरमार्गे काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडे व्याकरण घोकायचं, असं सुमारे दीड-दोन वर्षं. उपास, थंडी, त्यात प्लेगची साथ. १९०२ मध्ये बुद्धाचा धर्म जिवंत सापडेल या आशेने नेपाळ गाठलं. तिथे जे दिसलं त्याने घोर निराशा झाली. बुद्धगयेला आले, तेव्हा कळलं की पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला जावं लागेल. म्हणून कोलंबो. विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले आणि पालीचे धडे सुरू झाले. तिथलं खाणंपिणं काही मानवलं नाही, तब्येत पुन्हा ढासळली, तरी वर्षभर तग धरला. मग मद्रास आणि तिथून ब्रह्मदेश.

असे ते सागाइंगला पोचले. तिसेक वर्षांचाही नसलेला हा माणूस तोवर हजारो मैल हिंडला होता, बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पैशावर किंवा पैशाविना.

गुहेत बसणाऱ्याला करावं काय लागतं, हे धर्मानंदांनीच पुढे मराठीत नीट मांडलं. त्यांचं ‘समाधिमार्ग’ हे पुस्तक १९२५ चं. त्याचा पाया बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात पालीत लिहिलेला ग्रंथ. एकूण २३ प्रकरणं. पहिली २ शीलावर, मग ११ समाधीवर, शेवटची १० प्रज्ञेवर. नुसती मोजणी केली तरी दिसतं की बुद्धघोषांनी समाधी आणि प्रज्ञा या दोन पारड्यांत जवळपास सारखं वजन टाकलंय.

यातली आनापानाची, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याची रीत बघण्यासारखी आहे. सुरुवातीला श्वास मोजायचे. पाचाच्या आत थांबायचं नाही, दहाच्या पुढे जायचं नाही. पाचाच्या आत चित्त कोंडल्यासारखं होतं, आणि दहाच्या पुढे ते श्वास सोडून आकड्यांच्या मागे धावतं. आधी धान्य मापणाऱ्यासारखं सावकाश मोजायचं. आपल्याकडे खळ्यावरचा मापारी पहिलं माप टाकताना लाभ म्हणतो आणि मग दोन, तीन असा पुढे जातो, तशीच ती संथ चाल. ती जमली की मग गुराख्यासारखं मोजायचं. सकाळी गोठ्याचं दार उघडलं की गुरं रेटारेटी करत बाहेर पडतात, गुराखी एकेक खडा टाकत झरझर मोजतो, तसं. मन स्थिर झालं की मोजणी सोडून द्यायची. मोजणी म्हणजे नाव काठाला लागेपर्यंतचं वल्हं. नाव लागल्यावर कुणी वल्हं मारत बसत नाही.

इथवर समाधी. पण ती वाढवताना जोर किती लावायचा? बुद्धघोष इथे भराभर दाखले देतात आणि सगळे कामकरी माणसांचे. जादा हुशार मधमाशी फूल फुलल्याचं कळताच अशी सुसाट सुटते की फुलाच्या पुढे निघून जाते, आणि परत येईपर्यंत मध संपलेला असतो. मंद माशी निघते तीच उशिरा. शस्त्रवैद्याचे शिष्य पाण्यावर ठेवलेल्या कमळाच्या पानावर शस्त्र चालवायचा सराव करतात. एक घाई करतो, पानाचे दोन तुकडे होतात किंवा पान पाण्यात बुडतं. दुसरा भीतीने शस्त्र टेकवतच नाही. तिसरा बेताने चालवतो, त्याला बक्षीस मिळतं. वारा जोराचा असताना पूर्ण शीड चढवणारा तांडेल नाव भरकटवतो, वारा पडलेला असताना शीड उतरवणारा जागच्या जागी राहतो. झुआरीवर, मांडवीवर होड्या पाहिलेल्या माणसाला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही.

मग पाच इंद्रियांचा तोल येतो. श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी, प्रज्ञा. वीर्य म्हणजे नेट लावणं. श्रद्धेच्या समोर प्रज्ञा आणि वीर्याच्या समोर समाधी, अशा जोड्या. श्रद्धा फार आणि प्रज्ञा थोडी, तर माणूस नको त्यावर विश्वास टाकतो. प्रज्ञा फार आणि श्रद्धा थोडी, तर तो लबाडीकडे झुकतो, आणि औषधानेच झालेल्या रोगासारखा त्याला उपाय सापडत नाही. समाधी फार आणि नेट थोडा, तर आळस चढतो. नेट फार आणि समाधी थोडी, तर मन चळवळं होतं. पाचातली स्मृती तेवढी कधीच जास्त होत नाही. ती मिठासारखी, प्रत्येक कालवणात लागणारी.

नेट जास्त झाल्याची जुनी गोष्ट सोण थेराची. श्रीमंत घरातला, अंगाने नाजूक. भिक्षू झाल्यावर चालत चालत ध्यान करताना पायांतून रक्त येईपर्यंत चालला आणि शेवटी निराश होऊन घरी जायचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा वाजवत असे. बुद्धाने त्याला त्याच वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तरी सूर नाही, सैल सोडली तरी नाही. सागाइंगच्या गुहेत व्हायोलिन सोडून आलेला जर्मन भिक्षू हीच गोष्ट पालीत वाचत असेल, तेव्हा त्याला ती किती जवळून कळली असेल!

पण समाधी आणि विपश्यना यांच्यातला तोल बिघडण्याची सगळ्यांत अस्सल गोष्ट याच ग्रंथाच्या विसाव्या प्रकरणात आहे. उच्चवालिकेचे महानाग थेर मोठे विद्वान आणि ध्यानात पक्के. समाधीच्या बळाने त्यांचे विकार इतके दबले होते की ते उठतच नसत. त्यामुळे आपण अर्हत झालो अशी त्यांची ६० वर्षं खात्री होती. त्यांचा शिष्य धम्मदिन्न पुढे जाऊन खराच अर्हत झाला. एके दिवशी त्याला वाटलं, आपल्या गुरूंचं काम पुरं झालंय का ते पाहावं. तो आला, आदराने बसला, काही अवघड प्रश्न विचारले. थेरांनी सगळ्यांची उत्तरं बिनचूक दिली. मग शिष्याने त्यांना ध्यानबळाने एक हत्ती उभा करायला सांगितलं. त्यांनी केला. आता हा हत्ती कान ताठ करून, शेपूट उचलून, सोंड तोंडात घालून, भयंकर चीत्कार करत तुमच्याच अंगावर येतोय असं करा, म्हणाला. थेरांनी तेही केलं. हत्ती धावत आला तसे थेर उठून पळायला लागले. शिष्याने त्यांच्या चिवराचं टोक धरलं आणि नम्रपणे विचारलं, की ज्याचे आस्रव संपले त्याला भीती असते का.

६० वर्षांचा समज एका प्रश्नात कोसळला. हत्ती त्यांचाच बनवलेला होता, तो खोटा आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, तरी पाय पळाले. ते तिथल्या तिथे शिष्यापुढे उकिडवे बसले आणि त्याच्याकडून कर्मस्थान घेतलं. चंक्रमणाला उभे राहिले, आणि तिसऱ्या पावलाला अर्हत झाले असं बुद्धघोष सांगतात. तयारी ६० वर्षांची होती. नव्हतं ते एवढंच, की दबलेलं आणि संपलेलं यातला फरक त्यांनी कधी पाहिला नव्हता.

धर्मानंद सागाइंगला कायमचे राहिले नाहीत. बुद्धगया, सारनाथ, कुशिनारा अशी भारतातली ठिकाणं केली, पुन्हा ब्रह्मदेशात जाऊन आले, आणि १९०६ मध्ये कलकत्त्यात त्यांनी चीवर उतरवलं. ज्यासाठी निघालो ते काम भिक्षू राहून होणार नाही, असं त्यांचं मत झालं होतं. काम म्हणजे पाली आणि बुद्धाची शिकवण महाराष्ट्रात नेणं. राष्ट्रीय महाविद्यालयात आणि मग कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले.

त्याच वर्षी, घर सोडल्याला सात वर्षं होत आली असताना, ते गोव्यात परत आले. माणिक सात वर्षांची झाली होती. बाळाबाई वाट पाहत होत्या. त्यांना ते कलकत्त्याला घेऊन गेले. १९०७ मध्ये मुलगा झाला, दामोदर, पुढे गणित आणि इतिहास या दोन्हींत जगभर नाव काढणारा.

हे परत येणं चरित्रांत एका ओळीत संपतं, पण धर्मानंदांच्या आयुष्यातला सगळ्यांत अवघड प्रवास हाच म्हणायला हवा. गुहेत बसलेल्या माणसाला घर आठवतं, त्यात नवल नाही. पण सात वर्षांनी स्वतःच्या उंबऱ्यावर उभं राहून, आपण एका बाजूला किती कललो होतो हे बायकोच्या आणि मुलीच्या चेहऱ्यावर वाचणं, ही कुठल्याही गुरूने दिलेली नसलेली विपश्यना. तिच्यानंतर त्यांच्या वागण्यात किती फरक पडला? पडला, पण पुरता नाही. ते पुढेही वर्षानुवर्षं घराबाहेर राहिले. मात्र मुलांना शिकवलं, आणि मुलींनाही. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

कलकत्त्याला पगार बरा होता. तरी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज दरमहा ५० रुपये द्यायला तयार झाले, अट एवढी की महाराष्ट्रात राहायचं आणि बडोदा संस्थानासाठी लिहायचं, तेव्हा धर्मानंदांनी कलकत्त्यावर पाणी सोडलं. नोकरीच्या हिशेबाने शुद्ध तोट्याचा सौदा. बडोद्यात त्यांनी दिलेल्या व्याख्यानांचं ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० चं. बडोद्याच्या मराठी श्रोत्यांना बुद्धाची शिकवण मूळ पालीतून घेऊन थेट मराठीत सांगणारा माणूस तेव्हा प्रथमच भेटत असावा.

त्याच वर्षी अमेरिकेहून बोलावणं आलं. हार्वर्डला हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या विद्वानाने ‘विसुद्धिमग्गा’ची शुद्ध प्रत सिद्ध करायला घेतली होती, पण १८९९ मध्ये तो वारला आणि काम अर्धवट राहिलं. ते पुरं करायला प्रा. चार्ल्स लॅनमन यांना पाली जाणणारा माणूस हवा होता. इंग्रजी शाळेचं तोंड न पाहिलेला सांकवाळचा माणूस असा हार्वर्डला पोचला. दोन वर्षं काम केलं, आणि मग श्रेयावरून लॅनमन यांच्याशी बिनसलं. १९१२ मध्ये ते परत आले. चित्ताचा तोल शिकवणाऱ्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कुणाचं नाव कसं यावं यावरून दोन पंडितांचं भांडण! हसू येतं खरं. पण ज्याने अक्षर अक्षर तपासलं, त्याचं नाव झाकलं जाऊ नये ही अपेक्षाही रास्तच.

१९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली. महाराष्ट्रातली पालीची पहिली मोठी पिढी इथे तयार झाली. त्यातले पु. वि. बापट पुढे ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ या दोन ध्यानग्रंथांच्या तौलनिक अभ्यासासाठी ओळखले गेले, म्हणजे गुरूचाच धागा शिष्याने पुढे ओढला. १९१८ मध्ये धर्मानंद पुन्हा हार्वर्डला गेले, सोबत माणिक आणि दामोदर. बाळाबाई मागे राहिल्या. १९२२ नंतर अहमदाबादला गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात. मग पुन्हा हार्वर्ड. १९२९ मध्ये लेनिनग्राडला जाऊन पाली शिकवली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला, म्हणजे गोव्याच्या अगदी वेशीवर, उतरले आणि तुरुंगात गेले. तिथून सुटून पुन्हा हार्वर्ड, आणि १९३२ च्या सुमारास ते जुनं काम एकदाचं हातावेगळं झालं. १९३७ मध्ये मुंबईत परळला कामगार आणि दलित वस्तीसाठी बहुजन विहार उघडला.

या धावपळीकडे पाहून कुणी म्हणेल की गुहा सुटली ती सुटलीच. तसं नाही. पालीतल्या एका सुत्तात आनंद भिक्षूंना सांगतो की, मुक्कामाला पोचलेले जे कुणी आपल्याला भेटले, ते काही मोजक्याच वाटांनी आले. कुणी आधी समथ केलं आणि मग विपश्यना. कुणी आधी विपश्यना, मग समथ. कुणी दोन्ही जोडीने, एका जुवाला जुंपलेल्या बैलजोडीसारखी. आणि कुणाचं मन धर्माच्याच विचारांनी ढवळून निघालं, मग कधीतरी ते आपोआप बसलं आणि वाट दिसली. हे सुत्त सांगितलं गेलं कोसंबी नगरीच्या घोषितारामात. गोव्यातल्या आडनावाशी त्या नगरीचं नातं जोडायची गरज नाही, योगायोग तेवढा गमतीचा आहे. पण चारातली शेवटची वाट वाचताना सांकवाळचा धर्मानंद डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाही. ‘बालबोध’मधल्या त्या चार पानांनी ढवळलेलं मन, आणि बसायला लागलेली इतकी वर्षं.

दुसऱ्या एका सुत्तात तर सरळ व्यवहार सांगितलाय. ज्याला शांती जमली पण दर्शन नाही, त्याने दर्शन जमलेल्याकडे जाऊन विचारावं. ज्याला दर्शन जमलं पण शांती नाही, त्याने शांती जमलेल्याकडे जावं. लाज बाळगू नये. महानाग थेर शिष्यापुढे बसले ते याच रीतीने.

‘समाधिमार्ग’ लिहिताना धर्मानंद ५० च्या घरात होते. मराठी वाचकाला समाधी शब्द ज्ञानेश्वरांपासून ओळखीचा, पण त्याच्या मनात समाधी म्हणजे बहुधा देहाचा शेवट किंवा योग्याचा चमत्कार. धर्मानंदांनी ती चाळीस कर्मस्थानांत वाटून, प्रत्येक स्वभावाच्या माणसाला कुठलं मानवेल हे सांगत, पाककृतीसारखी उलगडून ठेवली. रागीट माणसाला मैत्रीभावना, विचारांच्या मागे धावणाऱ्याला श्वास. भाषा साधी, पंडिती मिरवणं नाही. आज इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला बेळगाव, गोवा, इंदूर, बडोद्याहून माणसं जातात. तिथे आधी तीन दिवस नुसता श्वास, आणि मग विपश्यना. ती परंपरा ब्रह्मदेशातूनच, पण दुसऱ्या गुरूंकरवी १९६९ मध्ये भारतात आली. तिच्या ४० हून अधिक वर्षं आधी एका गोंयकाराने हीच वाट मराठीत छापून ठेवली होती.

उतारवयात त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत मुंबईच्या भारतीय विद्या भवनाकडून १९४० मध्ये काढला, त्यावर पालीतच टीका लिहिली. बुद्धाचं मराठी चरित्रही याच काळातलं. जैनांच्या चातुर्याम धर्माकडे ओढ वाढत गेली, आणि शरीर काम देईना झालं की अन्न सोडून जाणं योग्य, असं त्यांना वाटू लागलं. १९४६ मध्ये त्यांनी अन्नत्याग सुरू केला. गांधीजींनी निरोप पाठवून थांबवलं. तब्येत मात्र पुन्हा उभी राहिली नाही. शेवटी सेवाग्रामला त्यांनी अन्न सोडलं आणि ४ जून १९४७ रोजी ते गेले. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर होतं आणि गोवा अजून पोर्तुगिजांकडेच होता. दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांची आठवण काढली.

या शेवटाबद्दल तेव्हाही एकमत नव्हतं, आजही होणार नाही. ज्याने जन्मभर तार फार ताणू नये असं शिकवलं, त्यानेच ती शेवटी तोडली, असं कुणी म्हणेल. आजारी देहाचं ओझं दुसऱ्यावर पडू नये म्हणून शांतपणे घेतलेला निरोप होता, असं दुसरा म्हणेल. गांधीजींनीही आधी अडवलं होतं, हे विसरायला नको.

हार्वर्डची ‘विसुद्धिमग्गा’ची आवृत्ती १९५० मध्ये छापून बाहेर आली, हार्वर्ड ओरिएंटल सीरिजचा ४१ वा खंड म्हणून. मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरनचं नाव, आणि त्याखाली, शुद्ध करून पुरा करणारा म्हणून, धर्मानंद कोसंबी.